गसने दिलेली दोन मिनिटं

माझा नवरा आणि माझी नणंद २००९च्या ऑगस्टमध्ये सतरा दिवस एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. दोघं राहतात एकाच रस्त्यावर, मध्ये चार घरं आणि एक पेट्रोल पंप. चर्चमध्ये बसतात एकाच बाकावर. त्यामुळे न बोलणं हे काही सोपं काम नव्हतं. मधे मी बसायचे आणि ‘वर्ना, त्याला म्हणावं जरा सरक’, ‘तिला म्हणावं जागा भरपूर आहे’ असे निरोप इकडून तिकडे करायचे. फादर डोमिनिकच्या प्रवचनापेक्षा मला तेच जास्त ऐकू यायचं.

भांडणाचं कारण वॉशिंग्टनमध्ये होतं. देशात कोट्यवधी लोकांना आरोग्य विमा नव्हता. तो त्यांना द्यायचा असं नव्या सरकारने मनावर घेतलं होतं, पण पैसा कुठून आणायचा यावर घोडं अडलं होतं. काही जणांनी सुचवलं, कंपन्या आपल्या कामगारांना जे फार महाग विमे देतात, त्यांवर कर बसवा.

आता आमच्याकडे होता तो विमा त्यातलाच. माझा नवरा गस होवानेक बाटल्यांच्या फॅक्टरीत भट्टीवर होता आणि तिथल्या युनियनचा अध्यक्षही होता. पाच वर्षांपूर्वी कंपनीने विम्याचा अर्धा बोजा कामगारांवर टाकायचं ठरवलं, तेव्हा युनियनने संप केला. ओहायो नदीवरून वारा येतो तो जानेवारीत कसा असतो हे ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. अकरा आठवडे माणसं फॅक्टरीच्या दाराशी पिंपात लाकडं जाळत उभी राहिली. शेवटी तडजोड झाली ती अशी, की चार वर्षं पगारवाढ नाही, पण विम्याला हात लावायचा नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी माझ्या हृदयाची एक झडप निकामी झाली. छाती उघडून नवी बसवली. मी घरी आले, महिनाभर पडून होते, आणि तेवढ्या दिवसांत गसच्या तोंडून खर्चाचं अवाक्षर ऐकलं नाही. कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. विम्याने सगळं दिलं.

तेव्हा रोज दुपारी दुकान बंद करून माझ्याकडे यायची ती लुडी. गसची धाकटी बहीण. मुख्य रस्त्यावर तिचं केस कापायचं दुकान. खुर्च्या दोन, पण काम करणारी ती एकटी. लग्न मोडून वीस वर्षं झालेली. मला उठता येत नव्हतं तेव्हा उशीखाली प्लास्टिक घालून तिने माझे केस धुतले होते. आणि या लुडीला स्वतःला विमा नव्हता. तिला मधुमेह आहे हे कळल्यावर एकाही कंपनीने तिला दारात उभं केलं नव्हतं. आधीचा आजार, म्हणायचे, आणि फोन ठेवायचे.

तर त्या रविवारी लुडी आमच्याकडे जेवत असताना रेडिओवर कराची बातमी लागली आणि गसने काटा ताटात आपटला.

“महाग विमा म्हणे! आम्ही काय हॉस्पिटलात पियानो मागवतो की काय? आमची माणसं पन्नाशी उलटलेली, अर्ध्यांच्या पाठी गेल्यात, भट्टीसमोर उभं राहून डोळे गेलेत. म्हणून महाग आहे तो. आणि त्यावर कर?”

“मग पैसा आणायचा कुठून?” लुडीने विचारलं. “नदीतून?”

“ज्यांच्या घरात नऊ-नऊ न्हाणीघरं आहेत त्यांच्याकडून आणा.”

“ते देणार नाहीत. तुम्ही देणार नाही. म्हणजे मी तशीच बसायची. असंच ना?”

“तुझ्याबद्दल कोण बोलतंय, लुडी?”

“तेच तर! माझ्याबद्दल कुणी बोलतच नाही.”

ती उठली. ताटातल्या कोबी घातलेल्या शेवया तशाच. सोमवारी सकाळी तिच्या दुकानाच्या काचेवर पाटी लागली, तिच्याच ठसठशीत अक्षरात. ‘विमा सगळ्यांना. कर लागला तरी.’

गस फॅक्टरीत जाताना रोज त्याच रस्त्याने जायचा. त्या दिवशी घरी आल्या आल्या त्याने डबा टेबलावर आदळला.

“गावात दुसरा होवानेक नाही, वर्ना. माझ्याच आडनावाच्या दारावर पाटी! पोरं विचारतात मला, अध्यक्षसाहेब, घरातच फूट का?”

“मग जा आणि बोल तिच्याशी.”

“ती येईल.”

तिच्याकडे गेले तर तीही तेच म्हणाली. “तो येईल.” होवानेक मंडळींचं हे असंच. त्यांच्या आजोबांनी स्लोवाकियातून आल्यावर सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरला होता, एका बकरीवरून.

मी दर गुरुवारी लुडीकडे केस धुवायला जाते. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर काम करून तळणाचा वास घेऊन घरी जाणं मला आवडत नाही. त्या गुरुवारी तिने माझं डोकं मागे टेकवलं, नळ सोडला, आणि पाणी डोक्यावर आलं तशी मी किंचाळून उठलेच. उकळतं पाणी होतं जवळजवळ.

“अगं, मारतेस का मला!”

तिने पाण्यात हात घातला. घातला आणि तसाच ठेवला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“लुडी, हात काढ.”

तिने काढला. लालभडक झाला होता. मग ती शेजारच्या खुर्चीत बसली, तिच्या गिऱ्हाइकांच्या खुर्चीत. मी तिला त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

“रोज कोपराने बघते पाणी,” ती म्हणाली. “तान्ह्या बाळाला बघतात तसं. आज विसरले. बोटांना काही कळत नाही गं. कात्री धरलेली दिसते म्हणून धरली आहे हे कळतं.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं होतील.”

“आणि डॉक्टर?”

ती हसली. “गोळी अर्धी अर्धी करून घेते. डॉक्टर काय म्हणेल ते मला माहीत आहे. तपासण्या करा म्हणेल.”

मला रडू यायला लागलं होतं आणि रागही. तीन वर्षं! म्हणजे माझे केस धुवायला यायची तेव्हापासून. मी म्हटलं, आत्ता जाऊन गसला सांगते. तिने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नंतर वळ उठला. तिला कळत नव्हतं ना, किती जोर लागतोय ते.

“नाही सांगायचं. शपथ आहे तुला. त्याला कळलं की तो दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन माझ्या बाजूला उभा राहील. माझी दया येऊन. मला तसं नको आहे. माझं म्हणणं बरोबर आहे की नाही, एवढंच त्याने बघावं. मी आजारी नसते तरी ते बरोबरच असतं.”

मी कबूल केलं. ती चूक होती की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एका बाजूला माझ्या छातीत नवऱ्याच्या विम्याने बसवलेली झडप, दुसऱ्या बाजूला हे. जेवायला बसलं की गस विचारायचा, “काय झालंय तुला? मीठ तीनदा घातलंस.”

ऑगस्टच्या शेवटी खासदार बाई सभेला आल्या. मार्जरी टेनब्रूक त्यांचं नाव. गेल्याच निवडणुकीत थोडक्या मतांनी निवडून आलेल्या. देशभर त्या महिन्यात अशा सभांत आरडाओरडा चालला होता, म्हणून शाळेच्या जिमच्या, म्हणजे खेळाच्या हॉलच्या, दाराशी शेरीफचे दोन पोलीस उभे होते. सातशे तरी लोक असतील. पंखे होते, पण हवा नव्हती. बोलायला चिठ्ठ्या टाकायच्या होत्या, वीस जणांना तीन तीन मिनिटं. लुडीला नऊ नंबर मिळाला. गसला दहा. फादर डोमिनिक म्हणाले, देवालाही गंमत सुचते.

गस युनियनच्या माणसांमध्ये बसला होता, सगळ्यांनी निळे शर्ट घातले होते. लुडी एकटी समोरच्या बाजूला. मी कुठे बसणार? मी दारापाशी भिंतीला टेकून उभी राहिले.

पहिले आठ जण काय बोलले ते कुणाच्याही लक्षात नाही, कारण कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही. मग लुडी माइकपाशी गेली. तिने एक कागद आणला होता, पण तो उघडला नाही.

“मी केस कापते,” ती म्हणाली. “या गावातल्या निम्म्या डोक्यांना माझा हात लागलाय. माणूस खुर्चीत बसला की बोलतो. मला माहीत आहे कोणाच्या छातीत गाठ आहे आणि ती दाखवायला जात नाही. मला माहीत आहे कोण आपल्या कुत्र्याच्या डॉक्टरकडून स्वतःसाठी जंतूंवरची औषधं आणतो. नावं नाही सांगणार. माझ्या भावाचा विमा चांगला आहे. त्या विम्याने माझी वहिनी वाचली, ती तिथे दाराशी उभी आहे. तो कुणी काढून घ्यायला आलं तर मी आधी आडवी पडेन. पण त्यातला थोडा भाग...”

“खाली बस!” कुणीतरी ओरडलं.

“थोडा भाग दुसऱ्यासाठी...”

“दुसऱ्याच्या ताटातलं मागायला लाज नाही वाटत?” हा ड्वेन रेटिग होता. भट्टीवरचाच, गसच्या मागच्याच रांगेत. “विमा पाहिजे तर फॅक्टरीत नोकरी धर! केसांचे झुपके गोळा करत कशाला बसलीस?”

निळ्या शर्टांमधून हशा उठला. मग टाळ्या. मग पाय आपटणं सुरू झालं, लाकडी जमिनीवर, सगळी जिम हादरत होती. लुडीचे ओठ हलताना दिसत होते. पांढरी पडली होती ती. खासदार बाई हात वर करून काहीतरी सांगत होत्या.

गस उठला. मला वाटलं बाहेर चाललाय. पण तो वळून ड्वेनसमोर उभा राहिला. माझा नवरा उंच नाही, रुंद आहे. पाय आपटणं आधी त्या रांगेत थांबलं, मग मागे, मग सगळीकडे.

“ड्वेन,” तो म्हणाला, ओरडला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “संपात अकरा आठवडे तुझ्या तिन्ही पोरांचे केस कोणी कापले?”

ड्वेन आपल्या बुटांकडे बघायला लागला.

“तुझ्या बायकोला रेस्टॉरंटात नोकरी लागली, त्या मुलाखतीच्या सकाळी तिचे केस कोणी नीट केले? फुकट? बोल की. आत्ता तर फार मोठा आवाज होता.”

“लुडीने,” ड्वेन म्हणाला.

“या जिममध्ये निळा शर्ट घातलेला एक माणूस दाखव, ज्याच्या घरातलं कुणी त्या वेळी तिच्या खुर्चीत बसलं नाही. ती चूक बोलते आहे असं मला वाटतं. शंभर टक्के चूक. पण ती बोलेल आणि तुम्ही ऐकाल.” मग तो खासदार बाईंकडे वळला. “मॅडम, पुढचा नंबर माझा. माझ्या तीनातली दोन मिनिटं तिला द्या.”

आणि तो बसला. जिममध्ये पंख्यांचा आवाज यायला लागला.

लुडी बोलली. छान बोलली असं नाही म्हणणार, मध्येच अडखळली, एक वाक्य दोनदा म्हणाली. पण आपल्या बोटांविषयी तिने एक शब्द काढला नाही. गस आपल्या उरलेल्या मिनिटात म्हणाला, “हा कर आहे तसा आम्हाला मान्य नाही. आमचा विमा चैनीचा नाही, आमचं काम धोक्याचं आहे आणि आमची माणसं म्हातारी होत चालली आहेत म्हणून तो महाग आहे. पण वॉशिंग्टनला जाऊन कुणी म्हणालं, की बाटलीवाल्यांना सुधारणाच नको आहे, तर तो खोटं बोलतोय. एवढंच.”

खासदार बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, “होवानेक, तुम्ही दोघं एकाच घरातले ना? मग मला सांगा, मी मत कसं देऊ?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सतरा दिवसांत पहिल्यांदा.

“आठ दिवस द्या,” लुडी म्हणाली.

“दहा,” गस म्हणाला.

बाईंना दोघांच्या सहीचं एकच पत्र पाठवायचं ठरलं आणि ते दहा दिवस माझ्या स्वयंपाकघरात गेले. मी इतकं भांडण जन्मात ऐकलं नाही. गस म्हणायचा, जिथे काम धोक्याचं आहे आणि माणसं वयस्कर आहेत, तिथे कराची मर्यादा, म्हणजे ज्या किमतीपुढे कर लागतो ती, वर न्या. लुडी म्हणायची, चालेल, पण मर्यादा इतकीही वर नको की कर कुणालाच लागणार नाही. गस म्हणायचा, कर टाळायला कंपनी विमा कमी करेल, तर वाचलेला पैसा पगारात आला पाहिजे. लुडी म्हणायची, ते तू कंपनीकडून लिहून घे, मी काय फॅक्टरीची मालकीण आहे? नव्या करारासाठी युनियनला काही वर्षं मिळावीत, यावर दोघांचं एकमत झालं तेव्हा दोघंही जरा घाबरले. श्रीमंतांवर आधी कर लावा हे वाक्य गसला सगळ्यात वर हवं होतं. लुडीने ते दुसऱ्या नंबरवर टाकलं. पहिल्या नंबरवर तिने लिहायला लावलं, की आधीचा आजार आहे म्हणून कुणालाही विमा नाकारता कामा नये.

“हे कशाला पहिलं?” गस म्हणाला. “याला कुणाचा विरोध आहे?”

“म्हणूनच पहिलं. एक तरी ओळ न भांडता जाऊ दे.”

सातव्या दिवशी मी मक्याची कणसं उकडत होते. पातेलं खदखदत होतं. दोघांची पगाराच्या मुद्द्यावरून जुंपली होती आणि बोलता बोलता लुडी उठली, पातेल्यात हात घातला, कणीस काढलं आणि ताटात ठेवलं. मग दुसरं काढलं. बोलतच होती. गस बोलायचा थांबला.

“लुडी.”

“काय? पटलं ना आता?”

“चिमटा तिथे पडलाय, लुडी.”

तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. गसनेही माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं.

“तुला माहीत होतं,” तो मला म्हणाला.

“तिने शपथ घातली होती.”

तो उठला. थंड पाण्याचं भांडं भरून आणलं, तिचा हात त्यात धरला, आणि तसाच उभा राहिला, तिचा हात आपल्या हातात पाण्यात धरून. त्याच्या हाताला पाणी थंड लागत असणार. तिला काहीच लागत नव्हतं.

“आता म्हणशील, सगळं मान्य,” लुडी म्हणाली. “म्हणू नकोस. मला ते नको.”

“पगाराचा मुद्दा मी सोडणार नाही,” गस म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. “मेलीस तरी सोडणार नाही. कळलं? आणि शनिवारी तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे येतेयस. हा वेगळा मुद्दा आहे. यावर चर्चा नाही.”

लुडी हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी कणसांना लोणी लावलं. दुसरं काय करणार?

पत्र तयार झालं. गसने ते युनियनच्या सभेत वाचून दाखवलं. तिथेही तासभर गदारोळ झाला. दोघा-तिघांनी त्याला गद्दार म्हटलं. त्यात एक जण असा होता, ज्याच्या मुलाचा गस धर्मपिता आहे. शेवटी हात वर झाले तेव्हा पत्राच्या बाजूने पंधरा हात जास्त होते. ड्वेन रेटिगचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, अर्धाच, कोपरापर्यंत. गसने तो मोजला.

मार्चमध्ये कायदा झाला. कर राहिला, पण मर्यादा वर गेली, धोक्याच्या कामांसाठी आणखी वर, आणि तो पुढे कित्येक वर्षांवर ढकलला. आमच्या पत्राने हे झालं असं मी म्हणणार नाही. तशी पत्रं देशभरातून हजारोंनी गेली असतील. पुढे तो कर कधी लागलाच नाही, रद्द झाला. गस म्हणतो, बघ, गरज नव्हतीच त्याची. लुडी म्हणते, तो होता म्हणून बाकीचं पास झालं. यावर एकमत व्हायची मी वाट बघत नाही.

तोपर्यंतचं वर्ष लुडीने चर्चच्या शनिवारच्या फुकट दवाखान्यावर काढलं. गोळ्या पूर्ण घ्यायला लागली. मग त्याच वर्षीच्या शरदात, ज्यांना कुणी विमा देत नव्हतं अशांसाठी सरकारने तात्पुरती सोय केली आणि एके दिवशी तिच्या नावाचं कार्ड टपालाने आलं.

कार्ड आल्यानंतरच्या पहिल्या तपासणीला आम्ही तिघं गेलो. मज्जातंतूंचे डॉक्टर, जिल्ह्याच्या गावात, एकोणीस मैल. प्रतीक्षेच्या खोलीत दहा-बारा माणसं होती, आणि गस आणि लुडीचं आल्याआल्याच सुरू झालं. खाजगी कंपन्या हव्यातच कशाला, असं लुडीचं. सगळं सरकारच्या हातात दिलं तर युनियनने मिळवायचं काय, असं गसचं. एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकायला लागले. थोड्या वेळाने तेही बोलायला लागले. मग त्यांची बायको. काउंटरच्या खिडकीतली मुलगी दोनदा म्हणाली, “जरा हळू बोला.”

मग आतलं दार उघडलं आणि नर्सने कागदावरून नाव वाचलं. “लुडमिला होवानेक?”

लुडी उठली. तिने आपली पर्स गसच्या मांडीवर ठेवली.

“मी येईपर्यंत थांब,” ती म्हणाली. “माझं बोलून झालेलं नाही.”

“मी कुठे जातोय,” गस म्हणाला.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, जे गेलंय ते सगळं परत येणार नाही. काही येईल. उरलेलं मात्र वाचवता येईल, वेळ आहे अजून. ती आत होती तोवर गस लाल पर्स दोन्ही हातांनी धरून ताठ बसला होता, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिची बाजू समजावून सांगत होता.